जिवंत दाढांवर कॅप बसवली, आता गार पाण्याने कळ जाते. किती दिवस थांबायचं?

कवडसा

नऊ दिवसांपूर्वी खालच्या डाव्या बाजूच्या दोन दाढांवर कॅप कायमच्या बसवल्या. दोन्ही दाढा जिवंत आहेत, रूट कॅनाल केलेलं नाही. पुढच्या दाढेत जुनं मोठं चांदीचं फिलिंग होतं आणि तिचा आतल्या बाजूचा तुकडा उडाला. मागची झिजून पार सपाट झाली होती, म्हणून दोन्हींचं काम एकदमच करून घेतलं.

मला कोड्यात टाकणारी गोष्ट वेगळीच आहे. दाढा घासल्यावर दोन आठवडे तात्पुरत्या प्लॅस्टिकच्या कॅप होत्या, तेव्हा काहीही झालं नाही. गार, गरम सगळं चालत होतं. पक्क्या कॅप सिमेंटने बसवल्या आणि त्याच संध्याकाळपासून गार पाण्याचा घोट घेतला की कळ थेट कानापर्यंत जाते. जिना चढून आल्यावर तोंडाने श्वास घेतला तरी दाढ शिवशिवते. शिवाय त्या बाजूने चावलं की पुढच्या दाढेत आत कुठेतरी ठणकतं.

डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, ‘होतं असं, बसेल हळूहळू.’ बसेल म्हणजे कधी? आणि नाही बसलं तर ते मला कशावरून कळणार? ज्यांनी हे भोगलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. रात्री झोप लागते, सूज नाही, ताप नाही.

शांतनदी

माझ्या वरच्या दाढेला असंच झालं होतं. तीन आठवडे गार पाणी त्या बाजूला जाऊच दिलं नाही. चौथ्या आठवड्यात एक दिवस लक्षात आलं की आपण विसरून गार पाणी प्यायलो आणि काहीच झालं नाही. तेव्हा थोडा धीर धरा. पण चावताना दुखतंय हे मला आवडलं नाही. माझं चावताना दुखत नव्हतं.

उंबरा

मी तर म्हणेन सरळ जाऊन कॅप काढायला लावा. सिमेंट नीट बसलं नसेल. उगाच दाढ सडायची आतल्या आत.

शुभ्रकमळ

मी दंतवैद्य आहे, कॅपचं काम रोजचंच. तुमची दाढ पाहिलेली नाही, त्यामुळे निदान सांगत नाही, आत काय चाललंय तेवढं सांगते.

दाताचं वरचं कठीण कवच म्हणजे इनॅमल. त्याला संवेदना नसते. त्याच्या खालचं डेंटिन मात्र सच्छिद्र असतं. त्यात पल्पकडे, म्हणजे दाताच्या गाभ्यातल्या नसा-रक्तवाहिन्यांच्या मऊ भागाकडे, जाणाऱ्या बारीक नळ्या असतात. बाहेरच्या बाजूला एका चौरस मिलिमीटरमध्ये साधारण २०,००० आणि पल्पजवळ ४५,०००च्या आसपास. या नळ्या पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या असतात. गार लागलं, हवा लागली, दाब पडला की हा द्रव हलतो, आणि त्याच्या हालचालीने आतल्या नसांची टोकं चाळवली जातात. ती सणकन जाणारी कळ हीच. स्वीडनचे मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात हे मांडलं आणि आजही आम्ही हेच धरून चालतो.

कॅपसाठी दाढ सगळ्या बाजूंनी एक ते दोन मिलिमीटर घासावी लागते. म्हणजे इनॅमल जवळजवळ सगळं जातं आणि लाखो नळ्यांची तोंडं एकदम उघडी पडतात. पल्पला एक धक्का तिथेच बसतो. घासताना उष्णताही तयार होते. १९६५ साली झाख आणि कोहेन यांनी माकडांच्या दातांवर प्रयोग केला होता. पल्पचं तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढलं तेव्हा १५ टक्के दातांचा पल्प पुन्हा सावरलाच नाही. म्हणून तर घासताना तोंडात सतत पाण्याचा फवारा सोडतात.

तुमच्या दाढेने हे सगळं आधी सोसलं असणार. त्यात तिच्यात मोठं फिलिंग होतं, म्हणजे आधीची कीड, आधीचं ड्रिलिंग. पल्प काही कोरी पाटी घेऊन आलेला नाही.

तात्पुरत्या कॅपमध्ये का दुखलं नाही, ते जेवणाच्या सुट्टीनंतर लिहिते. पेशंट आलेत.

पाऊलवाट

डॉक्टर, जरूर लिहा. कवडसा, माझा अनुभव चांगला नाही, पण तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

माझ्या खालच्या उजव्या दाढेवर कॅप बसली. पहिले दोन आठवडे फक्त गार लागायचं, तुमच्यासारखंच. घोट घेतला की कळ, घोट गिळला की बंद. मी निर्धास्त होतो. तिसऱ्या आठवड्यात कळ मागे रेंगाळायला लागली. घोट गिळून झाल्यावरही अर्धा मिनिट, मग एक मिनिट दाढ ठसठसत राहायची. तेव्हाच जायला हवं होतं. गेलो नाही, कारण ‘बसेल हळूहळू’ हेच डोक्यात होतं.

पाचव्या आठवड्यात गाराऐवजी गरम लागायला लागलं. चहाचा पहिला घोट घेतला आणि कप तसाच खाली ठेवला. त्या रात्री अडीच वाजता काहीही न खाता-पिता दाढ आपोआप ठणकायला लागली. आडवं झालं की वाढायची, उठून बसलं की थोडी कमी. गार पाणी तोंडात धरलं की थांबायची आणि पाणी कोमट झालं की पुन्हा सुरू. सकाळपर्यंत हातात पाण्याचा तांब्या घेऊन बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सांगितलं की नस वाचणार नाही. कॅप काढली नाही, तिलाच वरून भोक पाडून रूट कॅनाल केलं आणि भोक भरून टाकलं. कॅप अजून तीच आहे, व्यवस्थित आहे. पण ते दोन आठवडे मी वाया घालवले.

कवडसा

पाऊलवाट, मनापासून आभार. वाचून पोटात गोळा आला, पण मला हेच हवं होतं. म्हणजे किती दुखतं यापेक्षा किती वेळ दुखतं ते बघायचं?

आत्ताच ग्लास घेऊन घड्याळासमोर बसले. पाणी त्या बाजूला नेलं, कळ गेली, गिळलं. काटा चार सेकंद पुढे गेला तेव्हा पूर्ण शांत. दोनदा केलं. दोन्ही वेळा पाच सेकंदांच्या आत.

शुभ्रकमळ

हे तुम्ही फार चांगलं केलंत. रोज पाच वेळा करू नका, दाढेला उगाच डिवचल्यासारखं होईल. आठवड्यातून दोनदा पुरे, आणि तारखेसकट लिहून ठेवा.

पल्प चिडलाय पण सावरण्याच्या बेतात आहे, तेव्हा गाराची कळ तीक्ष्ण असते आणि कारण दूर झालं की काही सेकंदांत जाते. गरम लागणं, अर्ध्या मिनिटाहून अधिक रेंगाळणं, आपोआप ठणकणं, झोपेतून उठवणं, नेमकी कोणती दाढ ते बोट ठेवून सांगता न येणं, ही पल्प हरत चालल्याची लक्षणं. पाऊलवाट यांनी गार पाणी तोंडात धरून बरं वाटल्याचं लिहिलंय. ते आमच्याकडे कुणी सांगितलं की आम्ही त्याच दिवशी खुर्चीत घेतो.

आता तात्पुरत्या कॅपचं. ती बहुतेक वेळा झिंक ऑक्साइड आणि युजेनॉलच्या सिमेंटने चिकटवतात. युजेनॉल म्हणजे लवंगेतला घटक, तो पल्पला शांत ठेवतो. शिवाय प्लॅस्टिकची कॅप उष्णता फारशी आत जाऊ देत नाही. म्हणजे दाढेला दोन आठवडे दुलई पांघरून ठेवली होती.

पक्की कॅप बसवायच्या दिवशी ही दुलई ओढून काढली जाते. जुनं सिमेंट खरवडतात, दाढ धुतात, हवेच्या झोताने सुकवतात. इथे हात सैल सुटला आणि दाढ गरजेपेक्षा जास्त कोरडी झाली तर नळ्यांमधला द्रव बाहेर ओढला जातो. मग नवं सिमेंट. झिंक फॉस्फेट हे सगळ्यात जुनं, ते कालवल्या-कालवल्या चांगलंच आम्लधर्मी असतं आणि एक-दोन दिवसांत उदासीन होतं. ग्लास आयोनोमरही सुरुवातीला आम्लधर्मीच, आणि ते घट्ट होताना ओलाव्याच्या बाबतीत फार नाजूक. रेझिन सिमेंटच्या काही पद्धतींत आधी दातावर आम्लाची जेल लावून नळ्यांची तोंडं मुद्दाम मोकळी करतात. त्यावर बाँडिंगचा, म्हणजे चिकटवणाऱ्या द्रवाचा, थर नीट बसला तर उत्तम, कुठे सुटला तर तिथून कळ. शिवाय कॅप दाबून बसवताना सिमेंटचा दाब त्या नळ्यांवर पडतो तो वेगळाच.

तेव्हा त्याच संध्याकाळी सुरू झालेल्या गाराच्या कळेचं मला आश्चर्य वाटत नाही. बहुतेकांची काही दिवसांत ते काही आठवड्यांत उतरते.

चावतानाच्या ठणक्यासाठी मात्र थांबू नका. उद्याच फोन करा. कॅप उंच आहे का ते बघायला सांगा.

उंबरा

पण कॅप काढून नीट बसवणं बरं नाही का? मला खरंच कळत नाही, म्हणून विचारते.

शुभ्रकमळ

उंबरा, पक्क्या सिमेंटने बसवलेली कॅप सहसा सुटून येत नाही, कापूनच काढावी लागते. म्हणजे पुन्हा ड्रिल, पुन्हा उष्णता, पुन्हा सुकवणं, पुन्हा सिमेंट. आधीच चिडलेल्या पल्पला हे सगळं दुसऱ्यांदा. कड उघडी आहे, खालून पाझरतंय, कॅप हलतेय असं तपासणीत दिसलं तर काढायलाच हवी. नुसत्या गाराच्या कळेसाठी नवव्या दिवशी मी काढणार नाही.

वाळूचाकिल्ला

उंच कॅपबद्दल मी सांगते, कारण माझं हेच निघालं. बसवल्या दिवशी भूल होती. जीभ जड, गाल सुन्न, आणि डॉक्टर म्हणतायत, दात मिटून बघा, बरोबर लागतंय का? मी म्हटलं हो. मला काय कळत होतं! घरी येऊन भूल उतरली तेव्हा लक्षात आलं की दात मिटताना आधी ती एकच दाढ टेकते, मग बाकीच्या.

आठ दिवसांनी गेले. निळा कागद दाताखाली धरला, टकटक करायला लावलं, मग उजवीकडे-डावीकडे घासायला लावलं. आरशात दाखवलं. कॅपच्या एका उंचवट्यावर तिळाएवढा गडद निळा ठिपका होता आणि बाकीच्या दातांवर जेमतेम फिकट खुणा. दोन मिनिटं घासलं, पॉलिश केलं. खुर्चीतून उठताना फार फरक वाटला नाही, तिसऱ्या दिवशी ठणका गेला.

आणि मला वाटलं नव्हतं, पण गार लागायचंही त्यानंतर पटकन कमी झालं.

शुभ्रकमळ

हे असं घडतं, आणि त्याला कारण आहे. दात हाडात रुतलेला नसतो, साधारण पाव मिलिमीटरहूनही पातळ अशा तंतूंच्या गादीवर तो टेकलेला असतो. दाताखाली केस आला तरी कळतो, तो या गादीमुळेच. एक दाढ उंच राहिली की प्रत्येक गिळण्याला, प्रत्येक घासाला तिच्यावर जादा मार बसतो. गादी सुजते, त्याबरोबर आतला पल्पही चिडलेलाच राहतो. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर रात्रभर हेच चालतं. कवडसा, तुमची मागची दाढ झिजून सपाट झाली होती म्हणता. सकाळी जबडा आखडलेला असतो का, हेही डॉक्टरांना सांगा.

अजून एक. चावून दाब *सोडताना* सणक येत असेल तर तेही आवर्जून सांगा. तो दाढेला चीर असल्याचा इशारा असू शकतो. तुकडा उडालेल्या दाढेत ही शंका मनात ठेवावीच लागते.

कवडसा

दाब सोडताना नाही, दाबतानाच. सकाळी जबडा आखडतो, हो. हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. उद्या सकाळची वेळ मिळाली आहे.

आजोळ

मध्येच विचारते, क्षमस्व. माझ्या दाढेचं रूट कॅनाल झालंय, मग कॅप बसवली, तरी गार लागतं. नसच काढली तर लागतंय कशाला?

शुभ्रकमळ

आजोळ, नस काढलेल्या दाढेला गार-गरम कळत नाही. तेव्हा आधी शेजारच्या दातांवर संशय घ्या. मेंदू जागा सांगताना एखाददुसऱ्या दाताची गल्लत सहज करतो. कॅपच्या कामात शेजारच्या दाताजवळची हिरडी दुखावली गेली किंवा आधीच खाली सरकलेली असली तर त्याच्या मुळाचा भाग उघडा राहतो आणि तो शिवशिवतो. आम्ही गार केलेला कापसाचा बोळा एकेका दाताला लावून गुन्हेगार शोधतो. मुळातला एखादा कालवा, म्हणजे नस जिथून जाते ती पोकळी, सापडायचा राहिला असण्याची शक्यता कमी, पण असते, म्हणून एक्स-रेही काढून घ्या.

शांतनदी

सेन्सिटिव्ह टूथपेस्टचा उपयोग होतो का? मी वापरली होती. तिच्यामुळे बरं झालं की आपोआप, ते सांगता येणार नाही.

शुभ्रकमळ

कॅपच्या खाली टूथपेस्ट पोचतच नाही, हे आधी लक्षात घ्या. कळ जर कॅपखालच्या डेंटिनमधून येत असेल तर पेस्ट तिथे काही करू शकत नाही. पण पुष्कळदा कॅपची कड संपते तिथे, हिरडीलगत, मुळाची बारीकशी पट्टी उघडी असते. तिथे ती काम करते. पोटॅशियम नायट्रेटची असेल तर दोन ते चार आठवडे रोज दोन वेळा वापरावी लागते. थुंकून झाल्यावर लगेच खळखळून चूळ भरू नका, थोडी राहू दे. बोटाच्या टोकाने कडेवर हलकेच लावून ठेवली तरी चालेल.

दुसरं म्हणजे सिमेंटचा एखादा कण हिरडीखाली राहून गेला तर हिरडी लाल राहते, ब्रश लागला की रक्त येतं आणि लोक त्यालाही सेन्सिटिव्हिटीच म्हणतात. तो कण काढला की दोन दिवसांत आराम.

वेदनाशामक गोळी लागलीच तर ती स्वतःच्या मनाने रोज घेऊ नका. आयबुप्रोफेन पोटाचा अल्सर, किडनीचा त्रास किंवा रक्त पातळ करणारी औषधं असणाऱ्यांना चालत नाही. आणि गोळीवर दिवस ढकलले की पाऊलवाट यांच्यासारखे ते दोन आठवडे हातचे जातात. चेहऱ्यावर सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, फोनवर विचारत बसू नका.

कवडसा

जाऊन आले. आज बारावा दिवस.

या वेळी मी कागदावर लिहूनच नेलं होतं: कशाने दुखतं, किती सेकंद, चावताना की सोडताना, सकाळचा जबडा. डॉक्टरांनी तो कागद हातात घेऊन दोनदा वाचला. मागच्या वेळी मी ‘दुखतंय’ एवढंच म्हटलं होतं, त्यावर त्यांना तरी काय सांगता आलं असतं?

निळा कागद लावला. पुढच्या दाढेवर ठिपका सरळ मिटताना नव्हताच, जबडा बाजूला सरकवल्यावर उमटला. आतल्या उतारावर लांबट रेघ. त्यांनी ती घासली, पुन्हा कागद, पुन्हा घासली, अशी तीनदा. मग दोन्ही दाढांना गार बोळा लावून पाहिला. दोन्हींना लागलं आणि दोन्हींचं लगेच गेलं. ते म्हणाले, ही चांगली खूण आहे. हातोडीसारख्या दांड्याने टकटक केल्यावर पुढची थोडी हळवी निघाली. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काही दिसलं नाही. पण नुकत्याच बिघडलेल्या पल्पचं एक्स-रेत लगेच दिसत नाही, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. ते मला आवडलं.

झोपेत दात खाल्ले तरी दाढांवर मार बसू नये म्हणून रात्री घालायच्या गार्डसाठी दातांचं माप घेतलंय.

पाऊलवाट

बरं वाटलं वाचून. सेकंद मोजणं सोडू नका.

आजोळ

मीही जाऊन आले. कॅपच्या मागची दाढ निघाली! बोळा तिला लावल्याबरोबर खुर्चीत उडालेच. हिरडी सरकून मूळ उघडं पडलंय. त्यावर वार्निश लावलं. रूट कॅनालवाल्या दाढेला दोन महिने उगाच बोल लावत होते.

कवडसा

सहा आठवडे झाले म्हणून नोंद करते.

चावतानाचा ठणका उंची कमी केल्यावर पाचव्या दिवशी गेला. गाराची नोंद अशी आहे: दुसऱ्या आठवड्यात पाच सेकंद, तिसऱ्यात चार, चौथ्यात मध्येच पुन्हा सहा (त्या आठवड्यात सर्दीने नाक चोंदलं होतं आणि दिवसभर तोंडाने श्वास घेत होते), पाचव्यात दोन. या आठवड्यात मागच्या दाढेला काहीच नाही. पुढचीला बर्फाचं पाणी लागतं, साधं गार लागत नाही. गरम एकदाही लागलं नाही, रात्री एकदाही जाग आली नाही. गार्ड घालून झोपते, सकाळचा जबडा बराच मोकळा असतो.

त्या चौथ्या आठवड्यात, आकडा वर गेला तेव्हा, मी फार घाबरले होते. पाऊलवाट यांचा प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचत होते. पण वही उघडली तर सहाच सेकंद होते, गरम नव्हतं, आपोआप ठणकणं नव्हतं. चार दिवस थांबले आणि खाली आलं.

पुढच्या दाढेचा एक्स-रे सहा महिन्यांनी परत काढायचा आहे. जिवंत दाढेवर कॅप बसली की नस काही वर्षांनीसुद्धा गुपचूप मरू शकते, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून तो चुकवणार नाही. काढला की इथेच लिहीन.